गप्पी माशाचा रंग तिसऱ्या पिढीत उतरतो: आधी काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या टाकीत दिसत असेल तर पुढे वाचा.

- दुकानातून आणलेली जोडी लालबुंद, पण पिल्लं मोठी झाली तरी करडीच. शेपटीवर जेमतेम एक डाग.
- आल्बिनो (अंगात काळं रंगद्रव्य नसलेला, लाल डोळ्याचा) नर लावला, पिल्लांत लाल डोळ्याचं एकही नाही.
- पहिली खेप (एका वेळी झालेली पिल्लं) बापावर गेलेली, पुढची भलत्याच कुणावर.
- पिल्लं लांबच राहिली, विकत आणलेल्या नराचाच रंग दोन-तीन महिन्यांत उडाला.
- दर पिढीला मासा लहान, शेपटी आखूड, मधूनच एखादा पाठीत वाकलेला.

ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत. माझ्याकडे येतात तेव्हा मात्र पाचांचं नाव एकच असतं: "दादा, रंग टिकत नाही." ठाण्यात वर्तकनगरला माझ्या गॅलरीत १४ टाक्या आहेत आणि रविवारी सकाळी फोन घेणं हा आता घरचा नियमच झालाय. बायको म्हणते, माशांचा दवाखाना काढ. बहुतेक फोन करणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं की "जीन्स खराब झाले". पण जनुकांपर्यंत जायच्या आधी चार फुकटच्या किंवा स्वस्तातल्या गोष्टी बघायच्या असतात, आणि निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. म्हणून क्रम सोप्यापासून आणि स्वस्तापासून. उड्या मारू नका.

दिवा आणि टाकीचा तळ (खर्च शून्य)

दुकानातल्या टाक्यांवर बहुतेक वेळा गुलाबी छटेची एलईडी असते. तिच्याखाली विटकरी मासासुद्धा डाळिंबासारखा दिसतो. नर काचेच्या बरणीत घ्या, खिडकीच्या उजेडात धरा, मग ठरवा. दिवा लावल्या लावल्या पाहू नका, कारण रात्री मासा रंग आत ओढून घेतो. अर्धा तास जाऊ द्या. पांढऱ्या वाळूवर किंवा मोकळ्या काचेच्या तळावर गप्पी फिका पडतो, काळ्या तळावर आणि मागे काळा कागद लावला की गडद होतो. जाळीने पाठलाग केलेला मासाही तासभर फिकाच असतो. ही तपासणी आधी करायची, कारण पुढचं प्रत्येक पाऊल "रंग खरंच कमी आहे" हे धरून चालतं. मुळात तोच गैरसमज असेल तर महिने वाया जातात.

वय (खर्च शून्य, धीर मात्र लागतो)

नराचा रंग चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून चढू लागतो, पण पूर्ण भरायला तीन-चार महिने लागतात. मोठ्या शेपटीच्या लाइनींना (पिढ्यानपिढ्या जपलेल्या वंशांना) त्याहून जास्त. कोपरखैरण्याच्या एका काकांनी दीड महिन्याच्या नरांना "नापास" ठरवून शेजारच्या मुलाला वाटून टाकलं. दोन महिन्यांनी त्या मुलाची टाकी बघून आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तीन महिन्यांच्या आत कुणालाही काढू नका.

खाणं (शे-दोनशे रुपये)

लाल-नारिंगी रंगाचा एक भाग कॅरोटिनॉइडचा असतो. ही रंगद्रव्यं मासा स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. नुसत्या स्वस्त दाण्यावर वाढलेला लाल गप्पी विटका दिसला तर त्यात जनुकांचा दोष नाही. स्पिरुलिना (शेवाळासारखी पूड) असलेलं खाद्य, ताजी उबवलेली आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचा बारीक जीव), मिळाली तर मोइना (पाणपिसू) हे सहा आठवडे द्या आणि पहिल्या दिवशी व शेवटच्या दिवशी एकाच दिव्याखाली फोटो काढा. रंग चढला तर विषय संपला.

खाण्याने रंगाची खोली बदलते, नक्षी बदलत नाही. जिथे लाल कधी नव्हतंच तिथे आर्टेमियाने लाल येणार नाही. आणि उलट बाजूने, आणलेल्या नराचा रंग चांगलं खाऊनही दोन महिन्यांत उडाला, तर तो विकण्याआधी रंगखाद्यावर किंवा हार्मोनवर ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे. हार्मोन दिलेल्या खेपेत माद्यांच्या अंगावरही नरासारखा रंग चढलेला दिसतो आणि नर बरेचदा नापीक निघतात. अशा माशांवर पैदास उभारू नका. तो रंग जनुकांत नसतोच, पुढे जाणार कुठून?

पाणी (दोन-तीनशेचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)

गप्पीला थोडं कठीण, किंचित अल्कली पाणी मानवतं. आपल्याकडे गंमत अशी की नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यात भातसाचं, बारवीचं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी मऊ असतं. मे महिन्यात घोडबंदरच्या सोसायट्यांत टँकर सुरू झाले की त्याच नळातून बोअरचं कठीण पाणी येतं. माशाला कुणी विचारत नाही. पाणी असं मागेपुढे होत राहिलं की मासा पर मिटून कोपऱ्यात बसतो, खात नाही आणि रंग धरत नाही. टाकी भरण्याआधी मीटर घाला आणि आकडा वहीत लिहा. पाणी फार मऊ असेल तर फिल्टरमध्ये मूठभर कोरलचा चुरा कापडी पिशवीत बांधून टाका. क्लोरीन घालवायला नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवा किंवा थेंब वापरा. एवढं पुरतं, इथे जास्त रेंगाळू नका.

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तक्रार कायम असेल, तर आता खरा तपास.

मादी कोरी (नराचा संग न झालेली) होती का?

माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच सापडतो, म्हणून इथे थांबून बोलतो.

गप्पीची मादी नराचं वीर्य पोटात साठवून ठेवते. एकदा संग झाला की पुढे कित्येक महिने, दर तीन-चार आठवड्यांनी, नर समोर नसतानाही ती पिल्लं देत राहते. दुकानातल्या टाकीत पन्नास नर आणि पन्नास माद्या एकत्र असतात. तिथून तुम्ही जी "जोडी" आणता त्यात नर तुमच्या पसंतीचा असतो, पण मादीच्या पोटात कुणाचं काय आहे हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. पहिल्या दोन-तीन खेपा दुसऱ्याच बापाच्या निघतात किंवा मिसळलेल्या असतात. लोक त्या खेपा आपल्या नराच्या समजून त्यातून निवड करतात, पुन्हा जोड्या लावतात, आणि तिसऱ्या पिढीत डोक्याला हात लावतात.

हा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. फुल रेडची (अंगभर लाल गप्पींची) एक लाइन मी दोन वर्षं जपली होती. माद्या वेगळ्या टाकीत, झाकणाला क्लिप, सगळं चोख. तरी एका खेपेत हाफ ब्लॅक (मागचं अर्धं अंग काळं) निघाले. माझी हाफ ब्लॅकची टाकी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला! आठवडाभर चोर सापडेना. मग एका रात्री दिवे बंद करून टॉर्च आडवी मारली तेव्हा माद्यांच्या टाकीत, स्पंज फिल्टरच्या मागे, एक बारीकसा करडा मासा दिसला. अंगावर रंगाचा ठिपका नाही, म्हणून मी त्याला मादी समजून महिनाभर खायला घालत होतो. जाळीत घेऊन भिंगाखाली धरला तर पोटाखालचा पर पंख्यासारखा नव्हता, काडीसारखा टोकदार झालेला होता. नर! दोन्ही टाक्यांना मी एकच जाळी वापरत होतो, तिच्या घडीत बसून तो आला असावा. त्या टाकीतल्या अकरा माद्या पैदाशीतून बाद. आता प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, हँडलला रंगीत दोरा.

म्हणून तपासणी अशी. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की रोज संध्याकाळी टॉर्चने बघायचं. पोटामागे काळा डाग दिसला आणि त्याला लागून असलेला पोटाखालचा पर तिकोनी पंख्यासारखा असला, तर मादी. तो पर लांबट होऊन मागे झुकायला लागला की नर, त्याच दिवशी बाहेर. शंका असेल त्याला तिसऱ्या टाकीत टाका, माद्यांत ठेवू नका. रंगाची वाट बघू नका, रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्या उकाड्यात पिल्लं लवकर वयात येतात हेही ध्यानात ठेवा.

वेगळी काढलेली मादी निदान सहा आठवडे नराविना ठेवा. तिने पिल्लं दिली तर ती कोरी नव्हती. नाही दिली, तर आता तिच्यावर हिशेब मांडता येईल.

रंग कुठल्या गुणसूत्रावर आहे? (खर्च एका वहीचा)

मादी कोरी होती, बाप पक्का होता, तरी पिल्लं करडी. इथे लोक सर्वात मोठी चूक करतात: पिल्लं टाकून देतात.

ऐरोलीच्या एका कॉलेजच्या मुलाचं उदाहरण घ्या. आल्बिनो फुल रेडचा नर आणला, मादी घरची, साधी ग्रे (करडी). पहिली खेप तीस पिल्लांची, सगळी काळ्या डोळ्यांची. मला फोन: "काका, फसवलं मला." (मी दादाचा काका कधी झालो ते कळलं नाही.) फसवलं कुणीच नव्हतं. आल्बिनो हा अप्रभावी गुण आहे. तो दिसायला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती लागतात. आई साधी ग्रे, म्हणून प्रत्येक पिल्लाकडे एकच प्रत. रंग ग्रे, पण खिशात आल्बिनो. या पिल्लांची आपापसात जोडी लावली तर पुढच्या पिढीत सरासरी चारात एक आल्बिनो. याच पहिल्या खेपेतली मादी पुन्हा आल्बिनो बापाला दिली तर निम्मी. म्हणजे तो ज्या पिल्लांना टाकायला निघाला होता त्यांच्यातच त्याचा माल होता.

इथे आकड्यांचा एक खड्डा आहे. "चारात एक" म्हणजे आठ पिल्लांत दोन असणारच, असं नाही. आठांच्या खेपेत एकही आल्बिनो न निघण्याची शक्यता साधारण दहात एक असते. वीस पिल्लं असतील तर तीच शक्यता हजारात तीनवर येते. म्हणून एका लहान खेपेवरून निकाल देऊ नका. दोन-तीन खेपा मोजा, मेलेलीही मोजा.

एखादा ग्रे मासा खिशात आल्बिनो बाळगून आहे का, हे बघायचं असेल तर त्याची जोडी आल्बिनोशी लावा. सात पिल्लं झाली आणि सगळी काळ्या डोळ्यांची, तर त्याच्या खिशात आल्बिनो नाही असं समजायला हरकत नाही. चुकण्याची शक्यता १२८त एक. आणि दोन्ही आई-बाप लाल डोळ्याचे असूनही पिल्लं काळ्या डोळ्यांची निघाली तर घाबरू नका. लाल डोळा एकाहून जास्त जनुकांमुळे येतो. दोघांचे जनुक वेगळे असतील तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आता गप्पीची खासियत. नराच्या अंगावरच्या बऱ्याच नक्ष्या लिंगगुणसूत्रांवर (नरात एक्स-वाय, मादीत एक्स-एक्स) बसलेल्या असतात. १९२० साली डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी दाखवलं की गप्पीच्या पाठीवरच्या परावरचा काळा ठिपका बापाकडून थेट मुलग्यांत उतरतो. १९२२ मध्ये त्यांच्याच देशातले ऑयविंड विंगे यांनी त्यामागचं वाय गुणसूत्राचं गणित मांडलं. म्हणजे बघा, डेंग्यूच्या अळ्या खायला महापालिका ज्या गप्पीला हौदात सोडते, तो शंभर वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेतला मानकरी झाला होता.

टाकीपुरतं एवढं पुरे. नक्षी वायवर असेल तर बापाची ती सगळ्या मुलग्यांत उतरते, आई कुणीही असो. एक्सवर असेल तर बापाची नक्षी एकाही मुलग्यात दिसणार नाही, कारण मुलग्याला एक्स आईकडून मिळतो. ती जाते मुलींकडे. मादीच्या अंगावर मात्र यातले बहुतेक रंग उमटतच नाहीत, ते उठायला नराचे हार्मोन लागतात. मग त्या मुलीच्या मुलग्यांपैकी निम्म्यांत आजोबा परत दिसतात. ज्याला आपण "रंग गेला" म्हणतो तो बऱ्याचदा असा एक पिढी माहेरी गेलेला असतो.

यातून तपासणी निघते. एकाच नराचे मुलगे बघा. सगळ्यांत नक्षी आहे? वाय. एकातही नाही? त्याच्या मुली जपा आणि नातवांची वाट बघा. थोड्यांत आहे, थोड्यांत नाही? आईच्या भावांचे फोटो काढून ठेवले असतील तर ते बघा, अर्धी नक्षी तिकडून आली असेल. नसतील, तर पुढच्या वेळी काढा. करड्या मादीत काय दडलंय ते तिच्या भावांवरूनच कळतं. आमच्यातले निम्मे लोक दीड हजाराचा नर आणतात आणि मादी "कुठलीही चालेल" म्हणतात, आणि हिशेब तिथेच चुकतो.

वहीत प्रत्येक खेपेला एक ओळ: आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, तारीख, किती जन्मली, किती वाचली, कुठल्या रंगाची किती. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण ओल्या हातांनी वही बरी.

फायटर (बेटा) मासे पाळणाऱ्यांसाठी एक ओळ, कारण विचारणारे असतातच. रॉयल ब्लू फायटरची जोडी लावून सगळी रॉयल ब्लू येत नाहीत. निम्मी येतात, पाव हिरवट टर्क्वाइज, पाव स्टील ब्लू. तो रंगच दोन वेगळ्या प्रतींच्या मिश्रणाचा आहे, तो "पक्का" करता येत नाही. शंभर टक्के रॉयल ब्लू हवे असतील तर टर्क्वाइज आणि स्टील ब्लूची जोडी लावा.

रक्त फार जवळ आलंय का? (इथे जागा लागते, वेळही)

रंग पक्का करायला भाऊ-बहिणीची जोडी सगळेच लावतात, मीही लावतो. पण सख्ख्या भावंडांच्या जोडीच्या पहिल्याच पिढीत २५ टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या होतात, दुसऱ्या पिढीत ३७.५, तिसऱ्या पिढीत ५० टक्के. चांगला रंग पक्का होतो तशी दडलेली खोटही पक्की होते. खेप लहान होत जाणं, शेपटी आखडणं, वाकलेल्या पाठी ही त्याचीच चिन्हं.

उपाय म्हणजे एकाच स्ट्रेनच्या (एकाच रंग-नक्षीच्या जातीच्या) दोन लाइनी वेगवेगळ्या चालवायच्या आणि चार-पाच पिढ्यांनी त्यांची एकदा गाठ घालायची. त्यासाठी निदान सहा टाक्या हव्यात: दोन पैदाशीच्या, दोन नरांच्या, दोन माद्यांच्या. वन बीएचकेमध्ये हे कसं बसवायचं ते तुम्ही आणि घरच्यांनी ठरवा. बाहेरचं रक्त आणायचं तर त्याच स्ट्रेनचं आणा. मॉस्को ब्लूच्या लाइनीत मोझेकसारखी दुसरी स्ट्रेन मिसळली तर तीन पिढ्या निस्तरत बसाल.

कुठे थांबायचं

काही ठिकाणी हौशी माणसाने हात आखडता घ्यावा. माझ्यासकट.

पाठ वाकलेला मासा नुसता वाकलेला असेल आणि खाऊन-पिऊन धडधाकट असेल, तर दोष रक्ताचा असू शकतो. त्याला पैदाशीतून काढा. पण वाकण्याबरोबर तो खंगत असेल, पोट आत गेलं असेल, अंगावर व्रण असतील आणि एकेक करून मरत असतील, तर तो माशांचा क्षय असू शकतो. इथे निवड, संकर, औषधाचे थेंब सगळं थांबवा. त्या टाकीची जाळी-नळी दुसरीकडे नेऊ नका आणि जलचरांचं काम करणाऱ्या पशुवैद्याला गाठा. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांच्या रोगांवर काम चालतं. नमुना कुठे आणि कसा द्यायचा ते आधी फोन करून विचारा, पिशवी घेऊन थेट दारात जाऊ नका. हाताला जखम असेल तर अशा टाकीत हात घालू नका. हातावर बरी न होणारी गाठ किंवा फोड आला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात मासे आहेत हे त्यांना आपणहून सांगा. ते जंतू माणसाच्या कातडीलाही धरतात, आणि डॉक्टरांना माशांचं सांगितलं नाही तर निदान लांबतं.

आठवडाभरात टाकीतले निम्मे मासे गेले तरी तेच: आधी पशुवैद्य, पैदास नंतर.

दुसरा थांबा पैशाचा. कोऱ्या माद्या, पक्का बाप आणि तीन पिढ्यांची वही असूनही हवी ती नक्षी एकाही माशात नसेल, तर ती लाइन मुळात मिसळलेली होती. पंधरा पिढ्या खर्चून ती सुधारता येईलही, पण त्यापेक्षा स्वतःची वही दाखवणाऱ्या ब्रीडरकडून एक नर आणि दोन माद्यांचा ट्रायो घ्या. वही नाही म्हणाला तर निदान त्या माद्यांचे भाऊ दाखवायला सांगा.

ऐरोलीच्या मुलाने पिल्लं टाकली नाहीत. त्यांच्यातल्या एका जोडीची दुसरी पिढी परवा मोजली: ३८ पिल्लं, त्यात लाल डोळ्याची ११. आता त्याचा फोन उरलेल्या २७ साठी होता. त्यातली साधारण १८ आल्बिनोची एकेक प्रत बाळगून असतील, पण कुठली ते बघून कळणार नाही. दोन-तीन धष्टपुष्ट माद्या ठेव म्हटलं, बाकीची कॉलेजातल्या मित्रांना किंवा दुकानदाराला दे. "काका, मासुंदा तलावात सोडली तर?" नाही. तलावात, खाडीत, नाल्यात कुठेच नाही. गप्पी एकदा बाहेर सुटला की तिथल्या छोट्या देशी माशांची जागा खातो, आणि तुझ्या लाल शेपटीला पहिल्याच दिवशी बगळा उचलतो.